आंदणाचा किल्ला आणि कादंबरीतली राणी

सोलापूरचा भुईकोट किल्ला लढायांत जेवढा सापडला, तेवढाच लग्नाच्या बोलण्यांतही सापडला. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्न सोलापुरातच लागलं आणि किल्ला आंदण द्यायचा ठरला. वऱ्हाड घरी पोचलं, किल्ला मात्र हाती पडला नाही. त्यावरून दोन्ही घराण्यांत जवळपास चाळीस वर्षं हाणामाऱ्या चालल्या. पुढे विजयनगरच्या रामरायाची धास्ती वाढली तशी जुनी भांडणं मिटवायची निकड आली. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांद विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, अलीची बहीण हुसेनचा मुलगा मुर्तजा याच्या घरात आली. या वेळी सोलापूरचा किल्ला उलट्या दिशेने, अहमदनगरकडून विजापूरकडे, खरोखरच आंदण गेला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत दोन्ही व्याही एका बाजूने उभे राहिले. वीस वर्षांनी चांदबिबीच्या पुतणीचं, खदीजाचं, लग्न अहमदनगरच्या शहजाद्याशी ठरलं, तेव्हा तिथल्या सलाबतखानाने पुन्हा सोलापूरच मागितलं आणि लग्न अडून बसलं. किल्ला बघायला येणाऱ्याला आपण खंदक दाखवतो, सिद्धेश्वराचं तळं दाखवतो, बुरूज दाखवतो. चांदबिबीचं नाव घेणारा विरळा.

या जिल्ह्याशी जोडलेली दुसरी राणी अहिल्याबाई. २०१९ पासून इथल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे, पंढरपुरात होळकर वाडा उभा आहे, आणि तिच्यावरची मराठीतली गाजलेली कादंबरी ‘कर्मयोगिनी’ लिहिणाऱ्या विजया जहागीरदार सोलापूरच्याच. चांदबिबीने ज्या अहमदनगरसाठी जीव दिला, ते आता अहिल्यानगर झालंय; दोघींची गाठ अशी कागदावर पडली. झाशीच्या लक्ष्मीबाईचा सोलापूरशी संबंध नाही. पण राणीवरची कादंबरी कशी बनते हे बघायचं, तर तिला वगळून चालत नाही, कारण कादंबऱ्यांचा ढीग लागलाय तो तिच्यावरच.

ऐतिहासिक कादंबरी हातात पडली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: यात खरं किती? या प्रश्नाने फार पुढे जाता येत नाही. तारखा, लढाया, सनदा बहुतेक कादंबरीकार नीट उतरवतात. त्यांनाही इतिहासवाल्यांची पत्रं येतात. कादंबरी खरी उघडी पडते ती कागद गप्प होतात तिथे. राण्यांच्या बाबतीत या गप्प जागा पुष्कळ. तवारीख लिहिणारा असो की बखर लिहिणारा, बाई तटावर आली की तो लेखणी उचलतो आणि ती आत गेली की ठेवून देतो. ही मोकळी जागा कुणी कशाने भरली, एवढं जरी पाहिलं तरी एकाच राणीवरच्या चार कादंबऱ्या चार वेगळ्या बायांच्या का वाटतात ते कळतं.

चांदबिबीसाठी मूळ आधार फरिश्त्याचा. मुहम्मद कासिम फरिश्ता तिच्याच काळातला. आधी अहमदनगरच्या चाकरीत, नंतर विजापूरच्या. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद अहमदनगरला वेढा घालून बसला, त्याचं वर्णन तो बारकाईने करतो. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले होते. मुघलांच्याच छावणीतल्या एकाने रात्री येऊन किल्ल्यातल्यांना जागा सांगितली. आतून खणून दोन सुरुंग निकामी केले, पुढचा शोधत असतानाच तो उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. सरदार पळायच्या बेतात असताना चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर पडदा घेऊन, नागवी तलवार हातात धरून खिंडारात उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. तोफगोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग चांदीची, शेवटी सोन्याची नाणी तोफेत घातली, ही गोष्ट मात्र नंतरच्या काळातली. आपल्याला तीच जास्त आठवते.

खिंडारातल्या त्या एका दिवसाचं एवढं वर्णन, आणि विजापुरातल्या तिच्या वीस वर्षांबद्दल ओझरते उल्लेख. तिला फारसी, अरबी, तुर्की, मराठी, कानडी येत होतं, ती वीणा वाजवायची, शिकारीला जायची, असं सांगतात. घोड्यावर बसून ससाण्याने शिकार करणाऱ्या चांदबिबीची चित्रं आहेत, पण ती तिच्यानंतर शे-दीडशे वर्षांनी काढलेली. अहमदनगरजवळच्या डोंगरावर दिसणाऱ्या तीन मजली इमारतीला सगळे ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. ती खरी कबर आहे सलाबतखानाची, म्हणजे सोलापूर परत मागणाऱ्याचीच. लोकांनीही आपल्या परीने मोकळी जागा भरली, ती अशी.

या जागेत पहिली मोठी कादंबरी लिहिली ती सोलापूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर राहून गेलेल्या एका इंग्रजाने. फिलिप मेडोज टेलर १८२४ मध्ये पंधरा वर्षांचा पोर म्हणून मुंबईत उतरला, निजामाच्या चाकरीत शिरला, ठगांवरच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या पुस्तकाने १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांना जे जिल्हे तोडून दिले त्यांत नळदुर्ग होता, आणि तिथला कारभार टेलरकडे आला. नळदुर्गला बोरी नदीवर बांध घालून आत पाणीमहाल बांधलाय. पावसाळ्यात नर-मादी धबधबे धो धो कोसळतात आणि त्या पाण्याच्या मागे, दगडी सज्ज्यात, माणूस कोरडा उभा राहू शकतो. हे बांधकाम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीतलं. इब्राहिम म्हणजे तोच पोर, ज्याच्या नावाने चांदबिबीने विजापूरचा कारभार पाहिला. टेलरच्या डोक्यात चांदबिबी कुठे शिरली ते मी छातीठोक सांगणार नाही, पण तिच्या पुतण्याच्या किल्ल्यात बसून तो महसूल गोळा करत होता एवढं खरं.

तुळजापूर-नळदुर्गचा हाच मुलूख त्याने ‘तारा’ या १८६३ च्या कादंबरीत आधीच वापरला होता. त्यात अफजलखानाचं प्रकरण आहे. चांदबिबीवरची ‘अ नोबल क्वीन’ त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ मध्ये, तीन खंडांत निघाली. आदल्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलेलं होतं, त्यामुळे ‘थोर राणी’ म्हटल्यावर विलायतेतल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कोण येत असेल ते उघड आहे. कादंबरी वाचायला घेतली की आपण चकतो. राणीच्या नावाने सुरू झालेलं पुस्तक बराच वेळ अब्बासखान नावाच्या तरुण सरदाराच्या मागे धावतं. कृष्णाकाठचा जलदुर्ग, तिथे आंधळ्या आजोबांबरोबर राहणारी झोरा, दुष्ट किल्लेदार, मुद्गलचे पोर्तुगीज पाद्री असा सगळा बारदाना. अब्बासखान आणि झोरा यांचं जमणार की नाही, या दोरीवर तीन खंड वाळत घातलेत. चांदबिबी मधूनमधून येते, न्याय करते, माया करते, संकटात धीर देते, आणि शेवटाकडे अहमदनगरच्या तटावर उभी राहते.

टेलरला माणसं लिहिता येत नव्हती असं नाही. ठगाच्या तोंडून त्याने जे वदवलं ते आजही अंगावर येतं. प्रदेशही तो असा लिहितो की कृष्णेच्या खडकांवरून पाय घसरेल. मग राणीच फिकी का? माझ्या मते तिला काय हवं होतं हे ठरवायची हिंमत त्याला झाली नाही. तिच्यावरची माहिती फरिश्त्याची, तीही ब्रिग्जच्या १८२९ मधल्या इंग्रजी भाषांतरातून घरोघर पोचलेली. आदर एवढा की तिला लोभ, राग, डावपेच यांतलं काही द्यायचं त्याच्या जिवावर आलं. तिची मोकळी जागा त्याने दुसऱ्यांच्या प्रेमकथेने भरून टाकली. राणीवरच्या कादंबऱ्यांतली ही पहिली जात, आणि मराठीतही ती पुष्कळ दिसते: राणीला देव्हाऱ्यात बसवायचं आणि कथानक पुजाऱ्यांमध्ये चालवायचं.

लक्ष्मीबाईच्या बाबतीत मोकळी जागा एका महिन्याएवढी आहे. जून १८५७. ८ तारखेला झाशीच्या जोखनबागेत किल्ल्यातून बाहेर आलेले साठेक गोरे, बायकामुलांसकट, कापले गेले. राणीने सागरच्या कमिशनरला १२ आणि १४ जूनला पत्रं लिहिली, दोष बंडखोर शिपायांवर ठेवला, आणि पुढची व्यवस्था होईपर्यंत कारभार पाहा असा त्याचा निरोपही आला. दहा महिन्यांनी त्याच सरकारची फौज घेऊन ह्यू रोज झाशी जाळत होता. मधल्या काळात राणीच्या मनात काय चाललं होतं? ती आधीपासून बंडात होती, की तिला त्यात ढकललं गेलं?

या प्रश्नाचं उत्तर जो तो आपल्या काळाप्रमाणे देत आलाय. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी १८९४ मध्ये मराठीत तिचं चरित्र लिहिलं. त्यांची राणी इंग्रजांशी नाइलाजाने लढते. १८९४ मध्ये छापायचं तर दुसरं काय लिहिणार, असं म्हणता येईल, पण पारसनिसांनी कागद गोळा केले होते आणि कागदांचा कल त्याच बाजूला होता. वृंदावनलाल वर्मा झाशीकडचे. त्यांच्या घरात राणीच्या गोष्टी पिढीजात चालत आलेल्या, आणि पारसनिसांचं म्हणणं त्यांना पटेना. त्यांची हिंदी कादंबरी ‘झाँसी की रानी’ १९४६ मध्ये आली, आणि तिच्यातली राणी पहिल्यापासून स्वराज्यासाठी लढते. शनिवारवाड्याची स्वप्नं, तालमी, बायकांची पलटण, सगळं त्या एका दिशेने वाहतं. १९४६ हे साल नजरेआड करून ही कादंबरी वाचता येत नाही.

वर्मांची ताकद भोवतालच्या माणसांत आहे. मोतीबाई, जुही, मुंदर, गुलाम गौसखान आणि कोरी समाजातली झलकारी. राणीसारखी दिसणारी झलकारी लोककथेत होतीच, या कादंबरीने तिला दूरवर नेलं. २००१ मध्ये तिच्या नावाने टपालाचं तिकीट निघालं. कादंबरीतल्या दुय्यम पात्राने इतिहासात जागा मागून घेतल्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. टेलरचा अब्बासखान मात्र पुस्तकातच राहिला.

महाश्वेता देवींचं १९५६ मधलं बंगाली पुस्तक कादंबरीपेक्षा चरित्राकडे झुकतं, पण तुलनेला ते हवंच. त्या बुंदेलखंडात हिंडल्या, गावातल्या बायकांच्या तोंडची गाणी आणि गोष्टी जमवल्या, आणि त्यांना कागदाच्या शेजारी बसवलं. जून १८५७ चा निकाल लावून टाकायची घाई त्या करत नाहीत. याउलट जयश्री मिश्रा यांची २००७ मधली इंग्रजी कादंबरी ‘रानी’. तिने ती मोकळी जागा मेजर एलिस या इंग्रज अधिकाऱ्याशी असलेल्या हळव्या ओढीने भरली. एलिस खराच होता आणि दत्तकाच्या बाबतीत राणीच्या बाजूनेही होता, बाकीचं लेखिकेचं. उत्तर प्रदेश सरकारने २००८ मध्ये पुस्तकावर बंदी घातली. बंदी मला मुळीच पटत नाही, पण कादंबरीबद्दलची माझी तक्रार प्रेमाची नाही. संस्थान खालसा झाल्यावर जी बाई वकील लावून लंडनपर्यंत अर्ज करत होती, तिचा पेच एका पुरुषाच्या डोळ्यांत शोधला की तो पेच लहान होतो.

या सगळ्यांच्या आधी, आणि मला विचाराल तर सगळ्यांच्या वर, एक पेणजवळच्या वरसईचा भटजी बसलाय. विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. पुढे पंचवीसेक वर्षांनी त्यांनी आठवणी लिहिल्या. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी त्या ‘माझा प्रवास’ म्हणून छापल्या, त्यात बरीच काटछाट आणि फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरची प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. गोडसेभटजींना राणीचं ना देवपण सिद्ध करायचं होतं ना देशभक्ती. तिचा दिवस कसा सुरू होई, ती पोशाख काय करी, दानधर्म कसा करी, गोळे पडू लागल्यावर लोक कुठे लपले, दक्षिणा किती मिळाली आणि कुठे लुटली गेली, हे ते एकाच आवाजात सांगतात. राणीवर लिहिणाऱ्या प्रत्येक कादंबरीकाराने या पुस्तकातून उचललंय. तो आवाज मात्र कुणाला उचलता आला नाही.

अहिल्याबाईचं गणित उलटं. तिच्याकडे कागदांचा तुटवडा नाही. सासरे मल्हारराव तिला तोफा, गोळे, दारू यांच्या जुळणीबद्दल पत्रं लिहीत. महेश्वरचा कारभार, सेनापती तुकोजीशी चाललेली पैशांची घासाघीस, दूरदूरच्या देवस्थानांचे खर्च, सगळं नोंदलेलं. त्यावर १८२३ मध्ये जॉन माल्कमने तिला पाहिलेल्या माणसांकडून ऐकून मध्य हिंदुस्थानच्या इतिहासात तिचं शब्दचित्र काढलं. ते इतकं प्रभावी ठरलं की कधी हिंदुस्थानात न आलेल्या जोआना बेली या स्कॉटिश कवयित्रीने १८४९ मध्ये अहिल्याबाईवर दीर्घ काव्य छापलं. म्हणजे अहिल्याबाई कादंबरीत यायच्या आधीच संत झालेली होती. वृंदावनलाल वर्मांनी १९५५ मध्ये तिच्यावरही लिहिलं, पण ‘झाँसी’च्या मानाने ते पुस्तक लहान आणि त्याचा आवाज खालचा. मराठी घरांत ती पोचली ‘कर्मयोगिनी’मधून. विजया जहागीरदारांनी शीर्षकातच आपला निकाल जाहीर केलाय, आणि वाचकाचीही त्याला संमती होती. चौंडीच्या पाटलाची लेक इथल्या धनगर वाड्यांवर आजही घरच्या बाईसारखी बोलण्यात येते. तिच्यावर लिहिणाऱ्याच्या खांद्यावर तेवढं ओझं असतंच.

अहिल्याबाईवरची कोणतीही कादंबरी घ्या, राघोबादादांच्या स्वारीचा प्रसंग रंगलेला सापडेल. बाईशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, असा निरोप तिने पाठवला आणि दादा सांत्वनाला आलो म्हणत पालखीतून आले, असं सांगतात. लिहायला सोपा, टाळ्या घेणारा प्रसंग. पारख करायची तर दुसऱ्या दोन जागा बघाव्यात. एक, मुलगा मालेराव. तो १७६७ मध्ये वेडाच्या भरात गेला. आईनेच त्याला संपवलं, अशी कुजबुज माल्कमच्या कानापर्यंत पोचली होती आणि त्याने ती खोडूनही काढली. आळ खोटा असेलच, पण असा आळ ज्या बाईवर येतो तिच्या वाड्यात त्या दिवसांत काय वातावरण असेल, हे लिहायला धीर लागतो. दुसरी जागा लेक मुक्ताबाईची. १७५४ मध्ये कुंभेरीला नवरा खंडेराव पडला तेव्हा अहिल्याबाई सती निघाली होती आणि मल्हाररावांनी तिला अडवलं. १७९१ मध्ये जावई गेला आणि मुक्ताबाई निघाली, तेव्हा सगळ्या माळव्यावर जिचा शब्द चाले त्या आईला लेकीला अडवता आलं नाही. चिता पेटल्यावर दोन ब्राह्मणांनी तिला दंडांना धरून ठेवलं होतं, असं माल्कमने ऐकलं. या प्रसंगात कादंबरीकार बहुधा नियतीला बोलावतात. त्या जागी सदतीस वर्षांपूर्वीची चिता आणि सासऱ्याचे शब्द तिला आठवले असतील का, एवढं विचारलं तरी संताच्या मूर्तीतून माणूस बाहेर येईल.

आता पुन्हा चांदबिबीकडे, कारण मला वाचायची आहे ती कादंबरी तिच्यावरची. तिचा शेवट सर्वांना ठाऊक आहे: १६०० च्या उन्हाळ्यात मुघल पुन्हा आले, आता किल्ला टिकत नाही हे ओळखून तिने बालराजा बहादुरशहाला वाचवण्यासाठी तहाची बोलणी काढली, हमीदखानाने फितुरीची ओरड केली आणि ज्यांच्यासाठी ती लढली त्याच शिबंदीने तिला महालात घुसून मारलं. काही दिवसांत किल्ला पडलाच. सगळे या टोकाकडूनच तिला पाहतात. मला १५८० ते १५८२ ही वर्षं हवी आहेत. अली आदिलशहाचा खून झालाय, गादीवर नऊ वर्षांचा इब्राहिम, आणि विधवा राणी दरबार भरवतेय. आधी कामिलखान डोईजड होतो, त्याला ती किश्वरखानाकरवी दूर करते. मग किश्वरखानच डोईजड होतो. इकडे तिच्या माहेरची फौज गोवळकोंड्याला बरोबर घेऊन नळदुर्गला वेढा घालते, म्हणजे भाऊ एका बाजूला आणि पुतण्याचं राज्य दुसऱ्या बाजूला. हबशी सरदार, दख्खनी सरदार, परदेशी सरदार, तिन्ही गट एकमेकांच्या जिवावर उठलेले. राणीने इथे चुका केल्या, चुकीच्या माणसांवर विश्वास टाकला, वेळेवर माघारही घेतली. किश्वरखानाने तिच्यावर माहेराशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून तिला राजवाड्यातून फरफटत बाहेर काढलं आणि साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. इखलासखानाने उठाव करून तिला सोडवलं तोवर ती तिथे होती. त्या दिवसांबद्दल फरिश्ता जवळजवळ काहीच सांगत नाही. पाच भाषा येणारी बाई, मराठी बोलणारे पहारेकरी, आणि वर सह्याद्रीचा वारा. लिहिणाऱ्याने ही जागा अवश्य भरावी. तिथे कुणी अब्बासखान मात्र पाठवू नये.